आपोआप सुरू व्हायला हवं होतं

अकोल्याच्या शाखेतला सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे. पूर्वी तिथं फिनाइलच्या बाटल्या आणि झाडू असायचे. खोलीला खिडकी नाही, दार अर्धंच उघडतं, आणि आत गेलं की मोबाइलची रेंज जाते. ही शेवटची गोष्ट मला मार्चपासून माहीत होती. तिचं पुढं काय होऊ शकतं, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

मी अमरावतीत एका स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर सांभाळते. राहायला बडनेऱ्याला, नोकरी अमरावतीत, आणि महिन्यातून एखादी फेरी अकोल्याला. अकोल्याच्या शाखेत सीटी स्कॅनचं मशीन आहे, ते चालवणारे तंत्रज्ञ आहेत, पण स्कॅन वाचणारे डॉक्टर नाहीत. ते अमरावतीत आमच्या वरच्या मजल्यावर बसतात. तिकडं पेशंट मशीनमधून बाहेर येतो तोवर त्याच्या डोक्याचे, छातीचे फोटो इकडं पोचलेले असतात. डॉक्टर बघतात, अहवाल लिहितात, तो अकोल्यात छापून निघतो. पेशंटला वाटतं, डॉक्टर आतल्याच खोलीत आहेत.

अकोल्याची इंटरनेटची लाइन वारंवार तुटायची, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणखी एक लाइन घेतली. एक तुटली की दुसरीवर आपोआप वळावं, यासाठी सर्व्हरवर रूटिंगची सेवा बसवायची ठरली. सेवा म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रोग्राम. अकोल्यात एक, अमरावतीत एक. दोघं एकमेकांना सारखे निरोप देत राहतात, की मी आहे, हा रस्ता चालू आहे. निरोप थांबले की सेवा सगळी वाहतूक दुसऱ्या रस्त्यानं नेते.

मार्चमध्ये दोन दिवस जिन्याखाली बसून मी ती बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी हातानं सुरू केली आणि पडद्यावर अमरावतीचा सर्व्हर शेजारी म्हणून दिसला. मी एका लाइनीची वायर उपटली. तीन-चार सेकंद सगळं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले. त्याआधी हातानं लिहून ठेवलेले जुने रस्ते मी काढून टाकले होते, कारण दोन्ही ठेवले असते तर घोळ झाला असता. ते बरोबरच होतं. पण त्याचा अर्थ असा होता, की आता ही सेवा बंद तर अकोला बंद.

शेवटी एक काम असतं. सर्व्हर सुरू झाला की ही सेवाही आपोआप सुरू व्हावी, असं त्याला सांगून ठेवायचं. मी ती आज्ञा दिली, सर्व्हरनं ती मान्य केली. आता फक्त सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा आणि सेवा खरंच उठते का ते बघायचं. पाच-सात मिनिटांचं काम.

मी बाहेर येऊन तंत्रज्ञकाकांना तसं सांगितलं. काका साठीला टेकलेले. तीस-बत्तीस वर्षं एक्स-रे आणि स्कॅन काढण्यात गेलेली. त्यांनी बाकावरच्या रांगेकडे हात केला.

"ताई, सहा पेशंट हायेत अजून. आता बंद नका करू. मंग लोकं माह्या अंगावर येतात."

माझी गाडी चारची होती. "बरं, पुढच्या आठवड्यात येऊन करते," असं म्हणून मी निघाले. पुढच्या आठवड्यात गेले नाही. एप्रिलमध्येही नाही. सगळं नीट चाललं होतं. दोनदा एकेक लाइन तुटली आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. सेंटरच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणाचा डबा धुऊन ठेवत होते तेव्हा काकांचा फोन आला.

"ताई, लाइट गेली होती. आली आता. पण फोटो जाऊन नाही राह्यले."

"बॅटरीवर चालला नाही का सर्व्हर?"

"बॅटरीनं दोन मिनिटं बी नाही धरलं. टुक टुक केलं अन् बसली."

मी माझ्या कॉम्प्युटरवरून अकोल्याच्या सर्व्हरला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दोन्ही लाइनी अकोल्यापर्यंत जिवंत दिसत होत्या, पण आत जायला रस्ता नव्हता. मी नेहमी ज्या वाटेनं आत शिरायचे, तीच वाट त्या सेवेनं तयार केलेली होती. सेवा उठली नव्हती, म्हणून मी आत जाऊ शकत नव्हते, आणि मी आत जाऊ शकत नव्हते म्हणून सेवा उठवता येत नव्हती. हे कळल्यावर माझे हात कीबोर्डवर नुसतेच पडून राहिले.

"पेशंट आहे का कोणी?" मी विचारलं.

काकांचा आवाज खाली आला. "हाये ना. बाळापूरचे टेलर हायेत. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलून नाही राह्यला. डोक्याचा स्कॅन काढला मी. डॉक्टर साहेबाले लवकर पाहाले सांगा."

फोटो अकोल्याच्या मशीनमध्ये होते आणि ते वाचणारा माणूस माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर होता. मध्ये मी होते.

मी वर डॉक्टरांना तसं कळवलं आणि काकांना सर्व्हर बंद करून चालू करायला सांगितलं. त्यात दहा मिनिटं गेली. काही बदललं नाही. मग मला लक्षात आलं, की कितीही वेळा चालू केला तरी हेच होणार. मार्चमध्ये जे तपासायचं राहिलं होतं, ते आता तपासून झालं होतं. एकच उपाय उरला होता. काकांनी सर्व्हरसमोर बसून, मी सांगेन ते टाइप करायचं.

पण सर्व्हरच्या खोलीत रेंज नव्हती. काका बाहेर येऊन माझं ऐकायचे, स्कॅनच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घ्यायचे, आत जाऊन टाइप करायचे, जे दिसलं ते लक्षात ठेवून परत बाहेर यायचे. शाखेत तेव्हा मदतीला दुसरं कोणी नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी लग्नाला गेली होती, आणि सफाईच्या मावशी पेशंटजवळ उभ्या होत्या.

"काका, काय दिसतं?"

"काळं हाये सगळं. खाली लॉगिन म्हणते."

मी नाव सांगितलं. मग पासवर्ड. तो मीच ठेवला होता, चांगला अवघड. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडे, खुणा. कोणाला ओळखता येऊ नये म्हणून.

"मोठा डी. दवाखान्याचा डी."

"डी. हां."

"मग लहान एस."

"यस का यफ?"

"एस, काका. संत्र्याचा एस."

"संत्र्याचा. बरं."

"मग तीनच्या वरची खूण. शिफ्ट दाबून."

"कोणती खूण? ते जाळीवानी हाये ते?"

"तेच."

ते आत गेले. मी घड्याळाकडे बघत होते. ते बाहेर आले.

"ताई, कीबोर्ड बंद हाये. काहीच उमटून नाही राह्यलं."

"पासवर्ड उमटत नाही काका. न दिसताच टाइप करायचा असतो, आणि मग एंटर."

"असं सांगा ना मंग." ते पुन्हा आत गेले. बाहेर आले. "चुकलं म्हणते."

दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा मी त्यांना कॅप्स लॉकचा दिवा बघायला सांगितला, तर तो पेटलेला होता.

प्रत्येक वेळी काका बाहेर आले की मला आणखी एक आवाज ऐकू यायचा. टेलरच्या बायकोचा. ती काकांजवळच उभी असावी. पहिल्यांदा ती हळूच म्हणाली, "साहेब, झालं काय जी?" दुसऱ्यांदा म्हणाली, "कोणासंग बोलून राह्यले तुमी? डॉक्टर हायेत काय?" तिसऱ्यांदा ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. तिनं फक्त माहिती दिली. "साडेबारापर्यंत चांगले होते ते. ब्लाउज कापून राह्यले होते. त्यायचा कामाचा हात हाये तो."

मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. मी काकांना म्हणाले, "त्यांना सांगा, पाच मिनिटं." कशाच्या आधारावर म्हणाले, माहीत नाही. बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीनं निघावं, असंही एकदा मनात आलं. निदान काहीतरी केल्यासारखं झालं असतं. पण गाडीला तास-सव्वा तास, शिवाय स्टेशनपर्यंत जायचा वेळ. मी खुर्चीतच बसून राहिले. मला सगळं माहीत होतं. कोणती आज्ञा, कोणतं अक्षर, कुठं जागा सोडायची. आणि त्यातलं काहीही मला स्वतःच्या बोटांनी करता येत नव्हतं.

चौथ्या खेपेला काका आत शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "घेतलं! आता दुसरं काही लिहेल हाये."

तेवढ्यात जिन्यावरून डॉक्टर खाली आले. वाट बघून कंटाळून आले होते. मी उभी राहिले आणि एका दमात सांगायला लागले, की सेवा उठली नाहीये, पासवर्ड लागला आहे, आता दोनच आज्ञा राहिल्या आहेत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम, मला तुमचा सर्व्हर नको आहे. मला एवढंच बघायचंय, की डोक्यात रक्तस्राव आहे की नाही. नसेल तर अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण ते काही तासांच्या आतच. त्यांना मशीनच्या पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून पाठवायला सांगा."

पाऊण तास उलटून गेला होता. पाऊण तासात हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला सेवा सुरू करायची होती. बंद पडलेली गोष्ट माझी होती, ती मलाच चालू करायची होती, आणि त्यात तो माणूस माझ्या नजरेआड झाला होता.

"काका, सर्व्हर सोडा. मशीनच्या पडद्याचे फोटो काढा मोबाइलवर."

"माहा साधा फोन हाये, ताई. बटनाचा. याच्यात कॅमेरा नाही."

मग फोन कानाशी धरूनच ते कोणाला तरी म्हणाले, "बाई, तुमचा मोबाइल कसा हाये? द्या बरं जरा."

आधी माझ्या मोबाइलवर चार फोटो आले. पडद्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडली होती आणि त्याखाली काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः काकांशी बोलले. लाइट बंद करा, सरळ उभे राहा, वरून खालपर्यंत डोक्याच्या एकेका कापाचा फोटो काढा. मग एकामागून एक फोटो येत गेले. एका बाळापूरच्या बाईच्या फोनवरून, तिच्याच नवऱ्याच्या डोक्याचे. वर तिच्या नंबरासमोर तिचा छोटा फोटो होता, कुठल्याशा लग्नातला, हिरव्या साडीतला.

डॉक्टरांनी ते मोठे करून बघितले, दोनदा मागे गेले. "रक्तस्राव दिसत नाही," ते म्हणाले. "मोबाइलवरच्या फोटोवर मी अहवाल लिहू शकत नाही. पण इथं थांबवू नका. काकांना स्कॅनची सीडी करून त्यांच्या हातात द्यायला सांगा आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवा. तिथल्या डॉक्टरांशी मी आत्ता बोलतो." आणि ते बोलत बोलत वर गेले.

टेलर निघाले तेव्हा सव्वातीन झाले होते. काकांनी फोन करून सांगितलं. मागून रुग्णवाहिकेचं दार आपटल्याचा आवाज आला.

मग आम्ही उरलेलं काम केलं. सेवेची स्थिती विचारायची आज्ञा काकांनी पाकिटावर लिहून घेतली, आत जाऊन टाइप केली आणि बाहेर येऊन एकेक अक्षर वाचलं. "यफ, ए, आय, यल, ई, डी. लाल रंगात हाये." मग सुरू करायची आज्ञा. एका अक्षराची चूक झाली, ती सुधारली. माझ्या पडद्यावर अकोला दिसायला लागलं. पाठोपाठ टेलरचा पूर्ण स्कॅन आपोआप अमरावतीत येऊन पडला. डॉक्टरांनी तो बघून तिकडे फोन केला, की मघाचंच बरोबर आहे.

"एवढंच होतं काय, ताई?" काकांनी विचारलं.

"एवढंच होतं, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बडनेऱ्याहून पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. शाखा उघडायच्या आधी जिन्याखाली बसून सर्व्हर बंद केला, चालू केला. सेवा उठली नाही. कारण सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. सर्व्हर सुरू होताना आतली कामं एकेक करून जागी होतात. माझी सेवा नेटवर्कच्या आधी जागी होत होती. तिला समोर रस्ताच दिसायचा नाही, ती दोन-तीनदा धडपडायची आणि कायमची गप्प बसायची. मार्चमध्ये हातानं सुरू केली तेव्हा नेटवर्क आधीपासून चालू होतं, म्हणून ती गुणी मुलीसारखी चालली. मी तिला आता सांगितलं, की नेटवर्क पूर्ण उभं राहीपर्यंत थांब, आणि पडलीस तर पुन्हा उठ. मग सर्व्हर पाच वेळा बंद-चालू केला. पाचही वेळा ती उठली. जुन्या रस्त्यांपैकी एक मी राखीव म्हणून परत लिहून ठेवला आणि नव्या बॅटऱ्यांची मागणी पाठवली. पासवर्ड साध्या अक्षरांचा लांब केला.

काका चहा घेऊन आले. अर्ध्या उघड्या दारातून कप आत सरकवला आणि बाहेरच उभे राहिले.

"ताई, एक सांगू काय? मले दिसलं होतं."

"काय?"

"रक्त नाही हाये ते. पडद्यावर पाह्यल्या पाह्यल्या. तीस वर्सं पाहून राह्यलो मी. रक्त असलं की पांढरं फक्क दिसते. नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कसा बोलू? मी डॉक्टर नाही. माह्या बोलण्यावर कोण सुई देईन? अन् चुकलो असतो तं?" ते बाहेरच्या बाकाकडे बघत म्हणाले, "ते बाई विचारे, साहेब झालं काय. मी तिच्याकडे पाहेच नाही."

मला वाटत होतं, त्या दुपारी हात बांधलेली मी एकटीच होते.

मी त्या दुपारबद्दल अहवाल लिहिला, की सेवा बसवल्यानंतर सर्व्हर बंद-चालू करून तपासायचं मी राहू दिलं. साहेबांनी तो वाचून परत दिला. "लाइट गेली म्हणून झालं ना? तेवढंच लिहा. बाकीचं कशाला?" मी पुन्हा तेच लिहून दिलं. फाइलीत शेवटी काय लागलं, ते मला कोणी दाखवलं नाही. डॉक्टरांना मी एकदा विचारलं, की तो तास वाचला असता तर फरक पडला असता का. ते म्हणाले, "पडलाही असता, नसताही. असं कोणी सांगू शकत नाही, मॅडम."

ऑगस्टमध्ये मी अकोल्याच्या शाखेत होते तेव्हा ते दोघं पुन्हा स्कॅनसाठी आले. काकांनी मला खुणेनंच सांगितलं. टेलर बाकावर बसले होते, तोंड जवळजवळ सरळ झालेलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं थोडी आत वळलेली. बायको काकांशी बोलत होती. मी काहीतरी बोलले तशी ती वळली.

"तुमीच काय जी फोनवरच्या ताई? आवाज ओळखला मी." तिनं माझा हात धरला. "लय धावपळ केली तुमी त्या दिवशी आमच्यासाठी."

मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं. की चूक मशीनची नव्हती, माझं काम अर्धवट राहिलं होतं. मी एकदा तपासून बघितलं असतं, तर फोटो लगेच गेले असते. तुम्हाला तासभर थांबावं लागलं, ते माझ्यामुळे.

ती ऐकत होती. टेलरही ऐकत होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शब्द जुळायला वेळ लागत होता, आणि मग त्यांनी ते सोडून दिलं. तिनं त्यांच्या उजव्या हाताची बाही सारखी केली. तसं करायचं काही कारण नव्हतं.

"आता शिलाई मशीन मी चालवतो," ती म्हणाली. "माप ते सांगतात. कापतो बी मीच. पयले वाकडं कापे, आता येते." माझा हात तिनं केव्हा सोडला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं, आता ती मला बोल लावेल, आणि ते मी ऐकून घेईन.

"मंग आता सुरू हाये ना तुमचं ते?" तिनं विचारलं.

"हो. सुरू आहे."

"मंग ह्यायचा फोटो लवकर पाठवाले सांगा. साडेचारची बाळापूरची गाडी गेली तं मंग सहापर्यंत बसा लागते."

काकांनी टेलरना धरून आत नेलं. मी जिन्याखाली गेले आणि त्यांचा स्कॅन निघून अमरावतीला पोचेपर्यंत पडद्यासमोर उभी राहिले. मग बाहेर येऊन तिला सांगितलं, की गेले फोटो. तिनं मान हलवली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली.